उसाच्या रानात सबसॉयलर: फरक पडतो का नुसतं डिझेल जळतं?

कृष्णाकाठ_सव्वादोन | ४ मार्च, रात्री ९:४०

मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं नुसतं वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय.

वाळवा तालुक्यात सव्वादोन एकर रान आहे, काळं, भारीकडं झुकणारं. ऊस, मग त्याच बुडख्यांतून फुटलेला खोडवा आणि नशीब असेल तर त्यानंतरचा निडवा. गेल्या वर्षी लागणीचा ऊस पहिल्यांदाच मशीननं तोडला. तोडणीच्या आठ दिवस आधी मी पाणी दिलं होतं, कारण तोड महिनाभर तरी येत नाही अशी खात्री होती. आली दुसऱ्याच दिवशी कारखान्याची तोडीची चिठ्ठी. मशीन घुसलं, मागनं ट्रॉल्या घुसल्या. दोन ठिकाणी ट्रॉली रुतली, ती ओढायला अजून एक ट्रॅक्टर आत आला. मी बांधावर उभा राहून बघत होतो. ऊस चाललाय याचाच आनंद होता, खाली काय चाललंय ते कुणाच्या डोक्यात येतं?

त्यानंतरचा खोडवा नुकताच गेला. एकरी ३१ टन. आधीचा खोडवा ४८ होता. पूर्वी सकाळी पाणी सोडलं की संध्याकाळी सरी कोरडी व्हायची, आता तिसऱ्या दिवशीही सरीत आभाळ दिसतं. मधल्या पट्ट्यात ऊस पिवळा पडला तो शेवटपर्यंत सुधारला नाही.

गावात एकजण सबसॉयलर मारतो, म्हणजे माती न पलटता खालचा घट्ट थर फोडणारा खोल फण. पाच फुटावर एक फण, एकरी २,२०० रुपये. आडसाली (दीड वर्षाचा ऊस) लावायचीय, म्हणजे हातात जुलैपर्यंत वेळ आहे. मारू का? वडील म्हणतात, "आमच्या लाकडी नांगरानं काय कमी पिकलं का?"

नांगरट_बहाद्दर | ४ मार्च, रात्री १०:१५

डोळे झाकून मार भावा. मी दरवर्षी मारतो. दोन फूट खोल गेला की पाणी गटागटा पितंय रान.

मातीचा_वास | ५ मार्च, सकाळी ६:५०

डोळे झाकून मारू नका, आधी डोळे उघडून खड्डा घ्या. नोकरीतली तीस वर्षं लोकांच्या बांधावर घालवली. माती-परीक्षणाचा कागद खिशात असतो, पण रानात गुडघाभर खड्डा काढून आत बघितलेला शेतकरी क्वचित भेटतो.

जिथं ऊस पिवळा पडला तिथं एक आणि बांधाकडेला, जिथं चाक कधी गेलं नाही, तिथं दुसरा. दोन्ही दोन फूट लांब-रुंद, अडीच फूट खोल. एक बाजू खोऱ्यानं तासू नका, खोऱ्यानं भिंत गुळगुळीत होते आणि सगळंच सारखं दिसतं. ती बाजू चाकूच्या टोकानं उकरत वरून खाली या. हाताला जिथं अडतं तिथं खूण करा. मुळं कुठवर सरळ गेलीत, कुठं आडवी झालीत ते बघा. माती निळसर-करडी आणि कुजका वास असेल तर तिथं हवा जात नाही.

सळई खुपसून बघायची असेल तर वाफशावर, म्हणजे जमीन ना चिखल ना कोरडी असताना बघा. वाळलेली काळी जमीन सगळीकडंच दगड लागते, तेवढ्यावरून काही कळत नाही.

कृष्णाकाठ_सव्वादोन | ७ मार्च, संध्याकाळी ७:०५

काका, काढले खड्डे. दोन्हीत एवढा फरक असेल असं वाटलं नव्हतं.

बांधाकडेच्या खड्ड्यात माती भुगाभुगा, चणा-वाटाण्याएवढे खडे, मुळं दोन फुटांपर्यंत दिसली, एक गांडूळही. मधल्या खड्ड्यात वरचे सहा-सात इंच ठीक. मग चाकू थांबला. नऊ इंचापासून पंधरा इंचापर्यंत माती पापुद्र्यापापुद्र्यानं निघते, शिळ्या भाकरीसारखी, आडवी. उसाची मुळं त्या थरावर येऊन चक्क चपटी झालीत, झाडू जमिनीवर दाबून धरल्यावर काड्या फाकतात तशी. एकदोन मुळं भेगेतून खाली गेलीत तेवढीच. पंधरा इंचाच्या खाली परत माती बरी आहे, आणि खालची ती माती कोरडी होती. वर तीन दिवस पाणी साचत होतं आणि खाली पाणी पोचलंच नव्हतं!

वडिलांना बोलावून दाखवलं. काही बोलले नाहीत. खड्ड्याच्या कडेला बसून तंबाखू मळत राहिले.

अवजारवाला | ७ मार्च, रात्री ८:३०

छान खड्डा घेतलात. आता यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वरच्या सहा-सात इंचांखाली जी सुरुवात होते ती रोटाव्हेटरची करामत. रोटरची पाती पाच-सहा इंचावर फिरतात आणि ओल असेल तर खालचा तळ गिलावा केल्यासारखा घासून गुळगुळीत करतात. दरवर्षी त्याच खोलीवर. शिवाय पलटी नांगर चालतो तेव्हा ट्रॅक्टरचं एका बाजूचं चाक नांगरलेल्या चरातच धावतं. म्हणजे वरची माती मोकळी करताना खालचा तळ चाकाखाली दाबत जायचं.

त्याच्या खालचं मात्र वजनाचं काम. टायरमधली हवा जास्त असली की वरचा थर दबतो, पण दाब किती खोल जाणार हे एक्सलवर किती टन आहे त्यावर ठरतं. रुंद टायर लावून वरचं थोडं वाचेल, खालचं नाही. मोठं तोडणी मशीन रिकामंच दहा टनांच्या पुढं असतं, भरलेली ट्रॉली वेगळी. आणि ओल्या रानात पहिलं चाक गेलं की बहुतेक नुकसान तिथंच होतं. पुढच्या फेऱ्या त्यात भर घालतात, पण पहिल्या फेरीइतकी नाही. म्हणून वाकडंतिकडं सगळं रान तुडवण्यापेक्षा त्याच वाटेनं दहादा गेलेलं परवडतं.

तुमचा थर १५ इंचाला संपतो. मग फण १७ इंचावर चालवा. दोन फूट कशाला?

नांगरट_बहाद्दर | ७ मार्च, रात्री ९:१०

जितकं खोल तितकं चांगलं, यात काय शिकवायचंय.

अवजारवाला | ७ मार्च, रात्री १०:०२

दादा, शिकवत नाही, सांगतो. अरुंद फणाला एक मर्यादा असते. त्या खोलीपर्यंत फण मातीला वर उचलून फोडतो, दोन्ही बाजूंना इंग्रजी व्हीसारखी तडकते. त्याच्या खाली गेलं की वरच्या मातीचं ओझं इतकं होतं की माती वर उचलली जात नाही, बाजूला दाबली जाते. म्हणजे मोकळं करायला गेलो आणि खाली एक घट्ट भिंतींचं बीळ करून आलो. ही मर्यादा फणाच्या टोकाच्या रुंदीच्या साधारण ५ ते ७ पट. टोक तीन इंची असेल तर दीड फुटाच्या आसपास. टोकाला पंख जोडले तर अजून खाली जाता येतं, पण ट्रॅक्टरही तसा लागतो. १९७८ साली इंग्लंडमध्ये स्पूर आणि गॉडविन यांनी यावर प्रयोग करून लिहिलं, आजही अवजारं बनवणारे त्याचाच आधार घेतात.

आता पाच फुटांचा हिशोब. साध्या फणाच्या दोन ओळींतलं अंतर खोलीच्या दीड पटीपेक्षा जास्त नको, पंखांचा असेल तर दुप्पट चालेल. १७ इंच खोलीला दीडपट म्हणजे सव्वादोन फुटाच्या आत. पाच फुटांवर मारलं तर दोन फणांमधला अर्ध्याहून जास्त थर जागच्या जागी राहतो. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. पाच फुटांवर ट्रॅक्टर पावणेतीन किलोमीटरच्या आत चालतो, सव्वादोन फुटांवर पावणेसहा-सहा किलोमीटर. दुपटीहून जास्त. २,२०० रुपये कशाचे होते ते कळलं का?

डिझेल_आणि_धूळ | ८ मार्च, दुपारी १:२०

मी भाड्यानं मारतो, म्हणून बोलतो. ट्रॅक्टर ५० एचपीचा आहे, एक फण. एकरावर भाडं ठरवलं की आमचा फण लांब लांब जाणार, तासावर ठरवलं की ट्रॅक्टर हळू चालणार. माणूस आहोत. तासावर ठरवा आणि स्वतः बांधावर बसा, एवढंच सांगतो.

पण पाच फूट सगळ्यांसाठी चूक नाही. साहेब, जे लोक पाच फुटी सरी ठेवतात, तिथं आम्ही बरोबर सरीच्या रेघेवर फण मारतो. ऊस त्याच चिरेवर लागला तर मुळाला खाली वाट मिळते, आणि मधला न फुटलेला पट्टा चाकाला राहतो. चाक घट्ट जमिनीवर, ऊस मोकळ्या जमिनीवर. फक्त सरी नंतर फूटभर सरकली की सगळं वाया. आणि सरकतेच.

चालवणाऱ्यांसाठी चार गोष्टी. मागच्या चाकात पाणी भरून घ्या, नाहीतर चाक जागेवर फिरतं, डिझेल जातं आणि वर चाक घासून नवीन थर तयार होतो. वेग ताशी तीन किलोमीटरच्या आसपास. फण जमिनीत असताना वळायचं नाही, मागं घ्यायचं तर नाहीच, वाकलाच समजा. शिअर बोल्ट, म्हणजे जास्त ताण आला की अवजार वाचवायला आधी तुटणारा बोल्ट, तुटला की तसलाच घाला. आमच्या शेजाऱ्यानं "सारखा तुटतोय" म्हणून जाड टणक बोल्ट घातला. मग बोल्ट तुटला नाही, फ्रेम तुटली.

आणि पाइपलाइन! विचारल्याशिवाय मी आता फणच खाली सोडत नाही. एका रानात मालक म्हणाला, पाइप तीन फूट खाली आहे, बिनधास्त मारा. दीड फुटावर होता. फण पुढं गेला तेव्हा काही कळलंच नाही, मागं बघतो तर चिरेतनं पाणी उसळतंय आणि शेजारचा, ज्याची ती लाइन होती, तो चप्पल हातात घेऊन पळत येतोय. चप्पल निसटली म्हणून का माझ्यासाठी, ते आजवर विचारलं नाही.

पऱ्हाटीवाला_अकोला | ८ मार्च, रात्री ९:३०

आमच्या वऱ्हाडात तर काळ्या जमिनीले देवानंच सबसॉयलर देला आहे न भाऊ. उन्हाळ्यात वावरात अशा भेगा पडतात की पोराचा चेंडू गेला तं सापडत नाही. ही माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते, आपोआपच फुटते. आमच्या वावरात चाकही कमी जाते. मी तरी पैसे घालत नाही. उन्हाळी नांगरट करून वावर तापू देतो.

पण तुमच्या तिकडं बारा महिने पाणी. जमीन वाळणारच कधी, न भेग पडणार कधी?

आणखी एक, ज्यांच्या वावरात हातभर मातीखाली मुरूम आहे त्यांनी याच्या नादी लागू नये. गोटे वर येतील, दुसरं काही नाही.

मातीचा_वास | ९ मार्च, सकाळी ७:१५

अकोल्याच्या भाऊंनी नेमकं सांगितलं. बागायतानं काळ्या जमिनीचं वाळणंच बंद केलं आणि तिथंच तिची स्वतःला दुरुस्त करायची ताकद गेली. म्हणून कृष्णाकाठ, तुम्ही आता एक थेंब पाणी देऊ नका. एप्रिलअखेर रान भेगाळू द्या.

मारायच्या दिवशी सतरा इंचावरची माती काढून तळहातावर वळून बघा. शेवई वळली तर ट्रॅक्टर घरी पाठवा. ओल्या मातीत फण लोण्यातल्या सुरीसारखा जातो, ड्रायव्हरला वाटतं काय मस्त चाललंय. माती तुटत नाही, लिंपली जाते. वळी करताना तुटून भुगा झाला तर मारा. आणि फण चालताना मागून नाही, बाजूनं बघा. दोन्हीकडची जमीन लाटेसारखी उचलली जायला हवी. नुसतीच चीर दिसत असेल तर थांबा, एकतर ओल आहे किंवा फार खोल चाललाय.

आता महत्त्वाचं. तुमच्या पट्ट्यात चोपणाचा प्रश्न आहे, तपासणी केलीय का? सामू (पीएच) साडेआठच्या वर आणि मातीत चिकटून बसलेल्या सोडियमचं प्रमाण, ज्याला ईएसपी म्हणतात, ते १५ च्या वर असेल तर फण मारून काही होत नाही. सोडियममुळं मातीचे कण सुटे होतात आणि पहिल्याच मोठ्या पाण्यात चिरा गाळानं भरून जमीन पुन्हा बसते. तिथं आधी जिप्सम, चुनखडी असेल तर गंधक, आणि पाण्याला बाहेर जायला वाट. निचऱ्याला वाटच नसेल तर तुम्ही पाण्यासाठी जमिनीखाली टाकी बांधताय.

मिरज_चिबड | ९ मार्च, रात्री ८:४५

काकांना +१. मी टाकी बांधून बसलोय. २०१९ च्या पुरानंतर रान बसलं म्हणून दोन वर्षं सलग सबसॉयलर मारला. खाली पाण्याची पातळीच तीन फुटांवर होती. फणाला दोष देत बसलो. शेवटी सच्छिद्र पाइप टाकून पाणी ओढ्याला काढलं तेव्हा रानात पाय ठेवता आला.

अजून एक घोळ होतो. मोल नांगर आणि सबसॉयलर एकच समजतात. मोल नांगराच्या टोकाला मागं गोळा असतो, तो मातीत बोगदा करत जातो, पाणी त्या बोगद्यातून वाहून चराला जातं. त्याला खाली ओलसर चिकण माती लागते, नाहीतर बोगदा उभा राहत नाही. सबसॉयलरला कोरडी. एकाच दिवशी दोन्ही मारून देतो म्हणणारा भेटला तर पाणी पाजून परत पाठवा.

कृष्णाकाठ_सव्वादोन | १० मार्च, रात्री ९:००

सामू ८.१ आला, ईएसपी ६. चोपण नाही. विहिरीचं पाणी उन्हाळ्यात पंचवीस फुटांवर. म्हणजे माझं दुखणं चाकाचंच.

इंदापूरची_सून | ११ मार्च, दुपारी ३:१०

सगळे फणावर बोलताय, फणानंतरचं कुणी बोलेना. मोकळी केलेली जमीन पहिल्यापेक्षा जास्त दबते, कारण तिच्यात आता जोर नसतो. आमच्याकडं सबसॉयलर मारला, आणि सासऱ्यांनी पंधरा दिवसांत त्याच रानात शेणखताच्या बारा ट्रॉल्या ओतल्या. वर "छान भुसभुशीत करू" म्हणून दोनदा रोटर. मी खड्डा घेतला तेव्हा थर परत जागेवर! आमच्या घरात त्या खड्ड्यावरून जे झालं ते इथं लिहीत नाही.

पुढच्या वेळी क्रम बदलला. आधी शेणखत, मग फण, मग थेट ताग. पहिला पाऊस झाला की तागाची मुळं चिरेत उतरतात, चीर नुसती हवेची राहत नाही, मुळांनी शिवली जाते. ताग फुलावर आला की गाडायचा. रोटर नाही, फणणी करून सरी.

तोडणीचं म्हणाल तर चिटबॉयशी, म्हणजे तोडीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या माणसाशी, गोड बोलून ठेवा. तोडीआधी किमान तीन आठवडे पाणी तोडायचं. हे माझ्या हातात नाही, तोड कधी येईल कोण सांगतं, हे मलाही माहितीय. म्हणून मी नोव्हेंबरनंतर पाणीच बेतानं देते. दोन टन वजन गेलं तरी चालेल. ट्रॉली भरून आत फिरवू देत नाही, वाट ठरवून दिलीय, त्याच वाटेनं आत, त्याच वाटेनं बाहेर. टोळीनं तोडला तर वाढं (उसाचे हिरवे शेंडे) काढून फड थोडा वाळू द्यायचा आणि मग गाडी. ऐकतात का? दहातले सहाजण ऐकतात. चहा दिला तर सात.

नांगरट_बहाद्दर | ११ मार्च, रात्री ९:५५

ताई, खरं सांगतो, आज मी पण खड्डा काढला. दरवर्षी मारतो म्हणालो होतो ना. फणाच्या खाली वीस-एकवीस इंचावर काळी चकचकीत नळी दिसते. दोन्ही बाजू गिलावा केल्यागत. तीन वर्षं मी डिसेंबरात, ओलीत मारत होतो.

अवजारवाला | ११ मार्च, रात्री १०:२०

फोटो टाका दादा. लाजू नका, मीही कॉलेजात असताना तेच केलंय, सरांच्या समोर.

कृष्णाकाठ_सव्वादोन | २६ जुलै, रात्री ८:३०

धागा वर काढतोय, सांगायचं राहिलं होतं.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मारला. गावातल्याच माणसाकडून, पण तासावर. वडील दिवसभर बांधावर बसले, त्याच्यापुढं दोरीनं सव्वादोन फूट मोजत. पाइपलाइनवर आदल्या दिवशी चुन्याची फक्की मारली होती. तरी ठिबकची सबमेन एका कोपऱ्यात तुटली, कारण ती मी नाही, आधीच्या भागीदारानं वाकडी टाकली होती. एकराला दोन तासांच्या वर गेला वेळ. खर्च २,२०० च्या दुपटीजवळ.

फरक कळावा म्हणून मध्ये वीस फुटांचा एक पट्टा मुद्दाम तसाच सोडला. सगळ्या रानावर ताग. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रात्रीत मोठा पाऊस झाला. सकाळी गेलो तर पूर्ण रानात कुठं पाणी नाही, आणि मधला पट्टा तेवढा आरशासारखा. संध्याकाळपर्यंत तसाच. तागही त्या पट्ट्यात वीतभर खुजा.

गाडायच्या आधी दोन्हीकडं खड्डे घेतले. फण गेलेल्या ठिकाणी तागाचं सोटमूळ सोळा इंचापर्यंत सरळ. सोडलेल्या पट्ट्यात नऊ इंचावर येऊन काटकोनात वळलंय, पुढं आडवं सहा इंच गेलंय. ते मूळ धुऊन घरी आणलं, देवळीत ठेवलंय. मात्र फणाच्या दोन रेघांमध्ये, बरोबर मधोमध, थर अजून थोडा शाबूत आहे. म्हणजे सगळंच काही सुटलेलं नाही.

परवा आडसाली लावली. टनेज काय येतं ते दीड वर्षानं कळेल, आताच काही बोलत नाही.

डिझेल_आणि_धूळ | २६ जुलै, रात्री ९:१५

सोडलेल्या पट्ट्यात पण ऊस लावला का?

कृष्णाकाठ_सव्वादोन | २६ जुलै, रात्री ९:२२

लावला. वडील म्हणाले, तोडणीला ट्रॉली त्या पट्ट्यातनंच न्यायची.